कुत्र्याच्या तोंडी जाणारा घास

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
रायगड जिल्हा परिषद, अलिबाग

विषय : मेलेली गुरे आणि कापलेल्या जनावरांचे अवयव उघड्यावर टाकणे थांबवण्याबाबत



मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात मोकाट कुत्र्यांचा विषय निघाला, की बोलणे दोन गोष्टींवर येऊन थांबते : चावा आणि रेबीज. दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि त्यांवरचे उपाय तातडीचे आहेत. पण याच कुत्र्यांच्या, तसेच खाजणाच्या कडेने फिरणाऱ्या कोल्ह्यांच्या आतड्यात आणखी एक जीव वाढू शकतो, ज्याचा उच्चार ग्रामसभेत क्वचितच होतो. तो आहे जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा पट्टकृमी. शास्त्रात त्याचे नाव एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस. त्याचे अर्धे आयुष्य कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या कुळातल्या प्राण्याच्या पोटात जाते आणि उरलेले अर्धे गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या यकृतात आणि फुप्फुसांत. या ये-जा करण्यात तो कधी कधी माणसाच्या शरीरातही शिरतो आणि तिथे पाण्याने भरलेली गाठ धरतो. डॉक्टर तिला हायडॅटिड म्हणतात. या कृमीची साखळी कुठे तोडायची, याविषयी एक म्हणणे आपल्यापुढे ठेवावे म्हणून हे पत्र. ती कुत्रा मारून किंवा कोल्ह्याला दोष देऊन तुटणार नाही. कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या तोंडी जाणारा कच्च्या अवयवांचा घास बंद केला, तरच ती तुटेल. गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामपंचायती, या तिन्हींशी रोजचा संबंध असलेले जिल्ह्यातले कार्यालय आपले आहे. म्हणून पत्र आपल्या नावे आणि सर्वांसमक्ष लिहीत आहे.

आधी साखळी नीट समजून घेऊ, कारण उपाय तिच्यातच आहे. बाधित कुत्र्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. ओलावा आणि सावली मिळाली तर ती महिनोन्महिने टिकतात. कडक उन्हात आणि कोरड्या मातीत लवकर मरतात. चरताना गुरांच्या पोटात गवताबरोबर किंवा पाण्याबरोबर ती गेली, की आतड्यात अंडे फुटते, आतला सूक्ष्म जीव आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरतो आणि बहुतेक वेळा यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसांत जाऊन बसतो. तिथे हळूहळू पाण्याचा फुगा तयार होतो. त्या फुग्याच्या आत, सगळ्यांत नसले तरी पुष्कळांत, भावी कृमींची हजारो बीजे धरतात. जनावर मेले किंवा कापले गेले आणि ते यकृत कच्चेच कुत्र्याने खाल्ले, तर त्यातल्या प्रत्येक बीजातून कुत्र्याच्या आतड्यात एक कृमी वाढू शकतो. सहा-सात आठवड्यांत तो पुन्हा अंडी टाकू लागतो आणि फेरा नव्याने सुरू होतो. कार्ल फॉन सीबोल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने मेंढ्यांमधल्या गाठी कुत्र्यांना खाऊ घालून हा संबंध १८५३ मध्ये दाखवून दिला होता. म्हणजे हे ज्ञान पावणेदोनशे वर्षे जुने आहे. या वर्णनातली एक गोष्ट पुन्हा अधोरेखित करतो. कुत्र्याला हा कृमी दुसऱ्या कुत्र्याकडून लागत नाही, मातीतून लागत नाही, पाण्यातूनही लागत नाही. त्याला तो लागतो फक्त गाठ असलेला कच्चा अवयव खाल्ल्याने. कोल्ह्याचेही तसेच.

माणसाचे मात्र उलटे आहे. गाठ असलेल्या जनावराचे मटण खाल्ल्याने माणसाला हा रोग होत नाही. हे स्पष्टपणे सांगायला हवे, नाहीतर खाटकाच्या धंद्यावर विनाकारण संशय येईल. माणसाला रोग होतो तो अंडी पोटात गेल्याने : न धुतलेल्या कोथिंबिरीच्या जुडीवरून, उघड्या विहिरीच्या पाण्यातून, कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या मातीतून, अंगणात खेळून तसेच जेवायला बसलेल्या मुलाच्या हातांवरून. नंतर वर्षे जातात. गाठ सावकाश वाढते, दुखत नाही, ताप आणत नाही. पाच, दहा, कधी पंधरा वर्षांनी यकृतावर किंवा फुप्फुसावर दाब पडू लागतो, किंवा भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती सापडते. ती आतल्या आत फुटली तर शरीराची प्रतिक्रिया इतकी तीव्र होऊ शकते की जिवावर बेतते, शिवाय आतली बीजे पोटात सर्वत्र पसरून नव्या गाठी धरतात. उपचार म्हणजे महिनोन्महिने अल्बेंडाझोल, काही गाठींत सुईने पाणी काढून औषध सोडण्याची पद्धत, नाहीतर मोठी शस्त्रक्रिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात कोणत्याही वेळी दहा लाखांहून अधिक माणसांना या कुळातल्या कृमींची बाधा झालेली असते आणि उपचार व पशुधनाची हानी मिळून वर्षाला सुमारे ३ अब्ज डॉलरचा फटका बसतो. गुरांत हे नुकसान दिसतही नाही. दूध थोडे कमी होते, वजन भरत नाही, आणि शेतकरी त्याचे कारण चाऱ्यात शोधत राहतो.

हा रोग मेंढपाळांच्या थंड देशांतला आहे, आपला नव्हे, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी भारतातल्या जनावरांमधल्या गाठींचा अभ्यास करून २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात कत्तलखान्यात आलेल्या गाय-बैलांत आणि म्हशींत गाठींचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले, डुकरांत त्याहून कमी, आणि शेळ्या-मेंढ्यांत अगदीच थोडे. या कृमीचे एकाहून अधिक प्रकार आपल्याकडे फिरत आहेत आणि त्यांत म्हशींचा म्हणून ओळखला जाणारा प्रकार ठळक आहे, हेही त्यातून पुढे आले. या निष्कर्षाचा आपल्या दृष्टीने अर्थ मोठा आहे. आइसलंड आणि न्यूझीलंड इथे ही साखळी मेंढी आणि मेंढपाळाचा कुत्रा यांच्यातली होती, अर्जेंटिनात ती आजही तशीच आहे. आपल्याकडे ती मुख्यतः गुरे आणि मोकाट कुत्रे यांच्यातली दिसते. म्हणून केवळ मटणाच्या दुकानामागचा कचरा उचलून भागणार नाही. गावकुसाबाहेर टाकलेल्या मेलेल्या गाई-म्हशीचे काय होते, हा आपल्याकडचा पहिला प्रश्न आहे. जनावर जितके म्हातारे, तितकी गाठ वाढायला अवधी जास्त. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणे हा या पत्राचा हेतू नाही. त्याचा एक परिणाम मात्र नोंदवलाच पाहिजे : म्हातारी जनावरे आता गोठ्यात किंवा रानात मरतात, आणि त्यांच्या देहाची व्यवस्था करणे ही गावाची जबाबदारी आधीपेक्षा वाढलेली आहे.

मेलेल्या ढोरांची व्यवस्था पूर्वी आपोआप होत असे, असे अनेकांना वाटते. ती आपोआप होत नव्हती. तिचा एक भार माणसांवर होता आणि दुसरा पक्ष्यांवर. मेलेली ढोरे ओढण्याचे काम गावाने एका समाजाच्या माथी मारले होते. याच जिल्ह्यात, महाडला, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते काम आणि मृतमांस दोन्ही सोडण्याची हाक दिली. ती हाक न्यायाची होती आणि तिच्यामुळे माणसे माणसासारखी जगू लागली. पण समाजाने लादलेले काम समाजाने परत घेतले का? ते काम ज्यांच्यावर लादले होते त्यांनी ते नाकारल्यावर, सार्वजनिक खर्चाने, यंत्रांनी, योग्य मोबदला आणि संरक्षण देऊन करायची जबाबदारी पंचायतीची होती. शंभर वर्षे होत आली, तरी ढोर ओढ्यात किंवा खाजणात लोटून देणे हीच अनेक ठिकाणची व्यवस्था आहे. दुसरा भार गिधाडांवर होता. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडांचा घास घेतला, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे देशातून जवळजवळ नाहीशी झाली होती. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या रानात उरलेल्या गिधाडांसाठी महाडच्या सिस्केप संस्थेने केलेले काम जिल्ह्याला ठाऊक आहे. गिधाडाच्या पोटात हा कृमी वाढत नाही. तो तिथे संपतो. कुत्र्याच्या पोटात तो वाढतो. गिधाडांनी मोकळे केलेले ताट कुत्र्यांनी ओढून घेतले, तेव्हा गावाची फक्त दुर्गंधी वाढली नाही, साखळीलाही बळ मिळाले.

त्यात किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत घडलेल्या बदलांची भर पडली. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली, रोजगारही आला. शनिवार-रविवारी अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड, दिवेआगर इथे माणसांची रीघ लागते आणि तिच्याबरोबर मटणाची मागणी वाढते. बोकड जिथे कापला जातो तिथेच त्याचे नको असलेले अवयव टाकले जातात, आणि त्यांच्याभोवती कुत्रे जमतात. गावदेवीची राखण असो, जत्रेतला मानाचा बोकड असो किंवा बकरी ईदची कुर्बानी असो, घरच्या अंगणात जनावर कापले की आतले अवयव परसदारी जातात. यात कुणाच्या श्रद्धेला बोट लावण्याचे कारण नाही. श्रद्धा जनावर अर्पण करायला सांगते. उरलेले काळीज कुत्र्यापुढे टाकायला कुठलीही श्रद्धा सांगत नाही. दसरा-दिवाळी झाली की घाट उतरून धनगरांचे कळप कोकणात येतात, शेतकरी आपल्या शेतात मेंढरे बसवून घेतात आणि कळपाबरोबर राखणीचे कुत्रेही असतात. ते पाहुणे आपल्या जमिनीला खत देऊन जातात. मेलेल्या मेंढराची सोय आणि त्यांच्या कुत्र्यांना जंताचे औषध, एवढे यजमान गावाने करायला हवे. मेंढ्या-शेळ्यांना याचा आणखी एक फायदा आहे. कुत्र्याच्याच पोटात वाढणारा दुसरा एक पट्टकृमी शेळी-मेंढीच्या मेंदूत गाठ धरतो. जनावर मान एका बाजूला कलती करून जागच्या जागी गरगर फिरू लागते आणि शेवटी पडते. तोही कच्च्या अवयवांतून, या वेळी डोक्यातून, कुत्र्याकडे जातो. एकाच उपायाने दोन्ही रोखता येतात.

आता कोल्ह्याविषयी, कारण पहिला आक्षेप तिथूनच येतो. कुत्र्यांना औषध दिले तरी रानातले कोल्हे रोग परत आणतील, मग सगळा खटाटोप कशाला, असे विचारले जाईल. सोनेरी कोल्हा हा या कृमीचा पोशिंदा होऊ शकतो, हे जगात अनेक ठिकाणी दिसले आहे. पण आपला कोल्हा खातो काय, ते पाहा. कांदळवनातल्या कोल्ह्याचे मोठे अन्न म्हणजे खेकडे, उंदीर-घुशी, पक्ष्यांची अंडी, झाडाखाली पडलेली फळे. कोल्हा काकडीला राजी, असे आपले पूर्वज उगाच म्हणत नव्हते. या अन्नातून गुरांचा हा कृमी कोल्ह्यापर्यंत पोहोचण्याची वाट नाही. ती वाट आपण खाजणात टाकलेल्या ढोरांनी तयार होते. १९८६ मध्ये अभयारण्य झालेल्या, एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान असलेल्या फणसाडमध्ये रानडुकरे आणि सांबर आहेत. त्यांच्या अवयवांतून रानातल्या रानात एखादी वेगळी साखळी चालू शकते, हे मान्य केले पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर डिंगो नावाचे रानकुत्रे आणि कांगारूंच्या कुळातले प्राणी यांच्यात तशी साखळी चालतेच, म्हणून तिथे रोग पुरता संपवता आलेला नाही. पण डिंगो नसलेल्या टास्मानिया बेटावर १९६० च्या दशकात सुरू झालेल्या मोहिमेनंतर १९९६ मध्ये बेट जवळपास मुक्त जाहीर करता आले. यातून निष्कर्ष एवढाच निघतो की रान असेल तिथे शून्याचे वचन देऊ नये. निम्मे-अधिक काम करूच नये, असा निष्कर्ष निघत नाही. माणसाच्या अंगणात, विहिरीच्या कट्ट्यावर आणि भाजीच्या वाफ्यात विष्ठा टाकतो तो कुत्रा. कोल्हा माणसापासून दूर राहतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्याला संरक्षण दिलेले आहे. उघड्यावर ढोरे टाकणारे आपण आणि शिक्षा कोल्ह्याला, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट टोकाचा : सगळे कुत्रेच हटवा. ज्यांच्या घरात चाव्याची जखम झाली आहे त्यांचा संताप मी समजू शकतो, आणि इतिहासही त्यांच्या बाजूने काही सांगतो. सायप्रसने १९७० च्या दशकातल्या मोहिमेत हजारो कुत्री मारली, हे खरे आहे. पण तिथेही कत्तलीवरचे नियंत्रण सोबत होते. आपल्याकडे २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम कुत्र्याला निर्बीज करून, लस टोचून मूळ जागी सोडायला सांगतात. शाळा, इस्पितळे, बसस्थानके यांच्या आवारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळे आदेश दिले आहेत; बाकीच्या गावासाठी सामूहिक हत्या हा मार्ग कायद्याने बंद आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी हिशेब जुळत नाही. अन्न जागच्या जागी राहिले तर रिकाम्या झालेल्या जागेत शेजारच्या गावचे कुत्रे येतात आणि त्यांच्या मागून कोल्हेही वस्तीजवळ सरकतात. कुत्र्यांची संख्या अन्नावर ठरते आणि कृमीची बाधाही अन्नावरच ठरते. एकच दोर ओढून दोन्ही गाठी सुटत असतील, तर तो सोडून दुसरा का धरावा?

मग नुसते जंताचे औषध देऊन चालेल का? प्राझिक्वांटेल हे औषध कुत्र्याच्या पोटातला हा कृमी खात्रीने मारते आणि ते महाग नाही. पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. ते कृमी मारते, अंडी मारत नाही; म्हणून औषधानंतरच्या काही दिवसांची विष्ठा पुरून किंवा जाळून टाकावी लागते. आणि ते पुढच्या घासापासून संरक्षण देत नाही. आज औषध घेतलेला कुत्रा उद्या बाधित यकृत खाऊन सहा-सात आठवड्यांत पुन्हा अंडी टाकू लागतो. पाळीव कुत्र्याला ठरावीक अंतराने गोळी देता येईल, मोकाट कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी कोण पकडणार? तरीही एक संधी हातात आहे. नसबंदीसाठी पकडलेला कुत्रा शस्त्रक्रियेनंतर काही दिवस पिंजऱ्यात ठेवावाच लागतो. पिंजऱ्यात येताच त्याला गोळी दिली आणि त्या दिवसांतली विष्ठा गोळा करून नष्ट केली, तर दोन्ही मर्यादांपैकी पहिली जागीच संपते. दिल्लीतल्या मोकाट कुत्र्यांच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात नसबंदी आणि लसीबरोबर जंतनाशक औषधाचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ही मागणी न्यायालयाच्या विचाराशी सुसंगतच आहे. दुसरी मर्यादा मात्र गोळीने जात नाही. ती फक्त घास बंद केल्याने जाते.

घास बंद करणे शक्य असते का, याचे उत्तर दोन द्वीपदेशांनी दिले आहे. १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे हा डॅनिश संशोधक आइसलंडला गेला आणि त्याने तिथल्या शंभर कुत्र्यांचे विच्छेदन केले. अठ्ठावीस बाधित निघाले. पुढल्या वर्षी त्याने लिहिलेली छोटी पुस्तिका घरोघर वाटली गेली. काय जाळायचे, काय पुरायचे, कुत्र्यापुढे काय टाकायचे नाही, हे साध्या भाषेत लोकांना कळले. नंतर कुत्र्यांवर कर आला, औषधाची सक्ती आली, अवयव नष्ट करण्याचे कायदे आले, आणि विसाव्या शतकात हा रोग त्या बेटावरून गेला. औषध आजच्यासारखे प्रभावी नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे. न्यूझीलंडने १९५९ मध्ये देशव्यापी कायदा करून मोहीम सुरू केली आणि २००२ मध्ये देश जवळपास मुक्त झाल्याचे जाहीर केले. त्रेचाळीस वर्षे लागली. ही मुदत पाहून कुणी निराश होऊ नये. गाठ दहा-पंधरा वर्षे लपून राहणारी असल्यामुळे आज घास थांबवला तरी आधी बाधित झालेली माणसे पुढची अनेक वर्षे इस्पितळात येत राहतील. म्हणून या कामाचे यश एका अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत मोजता येणार नाही. पण सुरुवात मोजता येईल.

तिसरा आक्षेप आकड्यांचा. जिल्ह्यात किती रुग्ण, किती बाधित जनावरे, किती कुत्रे? आकडा नसेल तर खर्च कसा करायचा? प्रशासनाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण आकडा कुठे हरवतो, तेही पाहिले पाहिजे. गाठ असलेले काळीज दिसले की कसायाच्या सुरीने तो भाग कापला जातो आणि बाजूला फेकला जातो. नोंद होण्याआधीच पुरावा कुत्र्याच्या पोटात जातो. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण मुंबईच्या इस्पितळाच्या कागदांत राहतो, गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याचा पत्ता लागत नाही. मोजले नाही म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून मोजायचे नाही, या चक्रातून बाहेर पडणे फार स्वस्त आहे. मटण विकणाऱ्यांना पाण्याच्या गाठीचे चित्र दाखवा, गाठ दिसली तर पशुवैद्यकाला कळवा म्हणून सांगा, त्यासाठी दंड नव्हे तर धन्यवाद द्या. किनाऱ्यावरच्या सोनोग्राफी केंद्रांना आणि इस्पितळांना यकृतातल्या अशा गाठींची नोंद आरोग्य विभागाकडे पाठवायला सांगा. एका वर्षात जिल्ह्याला स्वतःचा आकडा मिळेल. आणि तो लहान निघाला तरी मेलेली ढोरे नीट पुरण्याचा खर्च वाया जाणार नाही. पाणी, दुर्गंधी, कुत्र्यांची संख्या आणि चावे, या सगळ्यांवर त्याचा चांगलाच परिणाम होईल.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. खोल खड्डा काढून चुना टाकून पुरा, हा पुस्तकी सल्ला खारेपाटात चालत नाही. तिथे हातभर खणले की खारे पाणी लागते आणि पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो. म्हणून जागेप्रमाणे उपाय बदलावा लागेल. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावांत कुंपणाचे खोल खड्डे चालतील. खारेपाटात आणि आगरांच्या पट्ट्यात उंचवट्यावर बांधलेले, जड झाकणाचे, कुत्र्याला उघडता न येणारे पक्के हौद किंवा गोबरगॅसची टाकी हवी. मटणाच्या दुकानांतले अवयव अर्धा तास उकळले तर आतली बीजे मरतात. नंतर ते कुणीही खाल्ले तरी धोका नाही. मोठ्या जनावरांसाठी तालुक्याला एक गाडी आणि ती चालवणारी, हातमोजे-बूट मिळालेली, नियमित पगाराची माणसे हवीत. हे काम पुन्हा कुठल्याही एका जातीच्या वाट्याला जाणार नाही, याची काळजी भरतीच्या पहिल्या दिवसापासून घ्यायला हवी. महाडच्या जिल्ह्यात तेवढे तरी झालेच पाहिजे. म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला, डायक्लोफिनॅक आणि तशा बंदी घातलेल्या औषधांचा अंश नसल्याची पशुवैद्यकाने खात्री दिलेली ढोरे, कुत्र्यांना शिरता येणार नाही अशा कुंपणात गिधाडांसाठी ठेवता येतील. खाटीक बांधवांना जाब विचारण्याआधी त्यांना टाकायला जागा द्या. जागा न देता केलेली कारवाई कचरा फक्त रात्रीच्या अंधारात ढकलते.

तेव्हा मागणे चार गोष्टींचे आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला मेलेल्या जनावरांसाठी आणि अवयवांसाठी बंद जागा आणि तालुक्याला एक गाडी. नसबंदीच्या प्रत्येक पिंजऱ्यात प्राझिक्वांटेलची गोळी, आणि पाळीव व राखणीच्या कुत्र्यांसाठी रेबीजच्या लसीच्या दिवशीच जंताचे औषध. जनावरांतल्या आणि माणसांतल्या गाठींची एकत्र नोंद. आणि क्राबेच्या पुस्तिकेसारखी, आपल्या बोलीत लिहिलेली चार पानांची पुस्तिका, शाळेतून घरोघर. यातले काहीही नव्या शोधाची वाट पाहत थांबलेले नाही. आपले तीनही विभाग एका टेबलाशी बसले, की बाकीचे काम गावे करतील. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर चाव्याच्या आणि रेबीजच्या खाली एक ओळ वाढवायला सांगा : आपल्या गावातले मेलेले जनावर कुठे जाते? त्या प्रश्नाला प्रत्येक गावाने खरे उत्तर दिले, तर कुत्र्याच्या आणि कोल्ह्याच्या तोंडी कुठला घास जातो, हे त्याच सभेत सगळ्यांना कळेल, आणि तो काढून घेण्याची सुरुवातही तिथूनच होईल.

आपला,
रायगड किनाऱ्यावरचा एक रहिवासी